एकाच गिऱ्हाइकाला विचारून विकलेला खेळाडू

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. आपल्याकडे सकाळचे पावणेअकरा वाजत आले होते, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र उलटली होती आणि बास्केटबॉल पाहणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच शंका होती, की बातमी देणाऱ्या पत्रकाराचं खातं कुणीतरी हॅक केलंय. डॅलस मॅव्हरिक्सने लुका डॉनचिचला लॉस एंजलिस लेकर्सच्या हवाली केलं होतं. वय २५. जगातल्या पहिल्या पाच खेळाडूंत सहज बसणारा. आठच महिन्यांपूर्वी डॅलसला एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या बास्केटबॉल लीगच्या, अंतिम फेरीत घेऊन गेलेला.

बदल्यात डॅलसच्या पदरात मुख्यतः तीन गोष्टी पडल्या: ३१ वर्षांचा अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी हा तरुण खेळाडू आणि लेकर्सचा २०२९ सालचा पहिल्या फेरीतला एक नवा खेळाडू निवडायचा हक्क. सौदा करणारे डॅलसचे सरव्यवस्थापक निको हॅरिसन यांना ११ नोव्हेंबर २०२५ रोजी नोकरी गमवावी लागली. तोवर घरच्या मैदानात त्यांना काढून टाका अशा घोषणा हा रोजचा प्रकार झाला होता.

हा सौदा हिशेब करून झाला की मन दुखावलं म्हणून झाला, हा वाद तेव्हापासून चालू आहे. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण लीगचे नियम नीट समजून घेतले की अशा सौद्यात अभिमानाची किंमत किती आणि ती कोण मोजतं, हे स्पष्ट दिसायला लागतं. म्हणून आधी नियम पाहू.

खेळाडू 'देणं' म्हणजे काय

युरोपातल्या फुटबॉलमध्ये क्लब खेळाडूसाठी दुसऱ्या क्लबला रोख रक्कम मोजतो. एनबीएत खेळाडूचा मोबदला मुख्यतः खेळाडूंतच चुकवला जातो. करार असलेला खेळाडू उचलून दुसऱ्या संघाला द्यायचा आणि त्यांचा खेळाडू करारासकट आपल्याकडे घ्यायचा, याला ट्रेड म्हणतात. बहुतेक खेळाडूंना यात विचारायचीही गरज नसते. रात्री झोपताना डॅलसचा असलेला माणूस सकाळी लॉस एंजलिसचा असू शकतो.

दुसरं चलन म्हणजे पिक. दरवर्षी नवे तरुण खेळाडू लीगमध्ये येतात आणि ३० संघ पाळीपाळीने त्यांना निवडतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. जो संघ जास्त हरलाय, त्याला आधी निवडायची संधी मिळण्याची शक्यता जास्त, कारण दुबळा संघ सावरावा असा हेतू. ही पाळी म्हणजेच पिक. पुढच्या काही वर्षांच्या पाळ्याही आगाऊ देता-घेता येतात, उसातल्या उभ्या पिकावर उचल घ्यावी तसं.

पगाराला छत आहे, म्हणून मोठा खेळाडू स्वस्त पडतो

सगळ्या प्रकरणाची चावी इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

एका संघाने पगारावर किती खर्च करावा याची लीगने मर्यादा घातलीय. तिला सॅलरी कॅप म्हणतात. २०२४-२५ च्या हंगामात ती सुमारे १४ कोटी डॉलर होती. आयपीएलच्या पर्ससारखीच कल्पना, फक्त एनबीएत ही मर्यादा ठरावीक पळवाटांनी ओलांडता येते. बरंच पुढे गेलात तर लक्झरी टॅक्स नावाचा दंड भरायचा, आणि त्याच्याही पुढे गेलात तर ट्रेड करण्यावरच निर्बंध येतात.

याशिवाय एका खेळाडूच्या पगारालाही छत असतं. लीगमध्ये किती वर्षं झाली त्यानुसार कॅपच्या २५, ३० किंवा ३५ टक्के, साधारणपणे याहून जास्त नाही. डॉनचिचचा त्या हंगामाचा पगार सुमारे ४.३ कोटी डॉलर होता. खुल्या बाजारात त्याची बोली लागली असती तर आकडा कुठल्या कुठे गेला असता. पण बाजार खुला नाही. लीगमधला सर्वोत्तम खेळाडू आणि विसावा खेळाडू यांना जवळपास एकच छत लागू होतं, आणि दोघांच्या खेळात मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो.

रेशनच्या दुकानाचं उदाहरण घ्या. भाव सरकारने बांधून दिलाय, म्हणून तांदूळ बाजारापेक्षा स्वस्त मिळतो. तुमच्याकडे रेशनकार्ड असणं हीच मोठी मिळकत. डॉनचिचसारखा खेळाडू हाताशी असणं हे तसंच आहे. त्याला दिलेला कमाल पगार कागदावर डोळे दिपवणारा दिसतो, पण त्याच्या खऱ्या मोलापेक्षा तो कमीच असतो. त्यात बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच जण. क्रिकेटमध्ये एक मोठा फलंदाज अकरांपैकी एक असतो आणि बाद झाला की बसून राहतो. इथे मोठा खेळाडू ४८ मिनिटांच्या सामन्यात ३५-३६ मिनिटं खेळतो आणि जवळजवळ प्रत्येक चढाई त्याच्या हातून जाते.

म्हणून साधा व्यवहार सांगतो की असा खेळाडू सहसा सोडू नये. तो तापट असो, त्याचं वजन वाढलेलं असो, प्रशिक्षकाशी पटत नसो. त्याच्यावर रागावणं परवडतं, त्याला सोडणं परवडत नाही.

मग डॅलसने त्याला सोडलं का?

त्यांची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडायला हवी. २०२५ च्या उन्हाळ्यात डॉनचिच सुपरमॅक्स कराराला पात्र ठरणार होता. मोठे बहुमान मिळवलेल्या खेळाडूला त्याचा आपला संघच देऊ शकतो असा हा सर्वांत मोठा करार. रक्कम ५ वर्षांसाठी सुमारे ३४.५ कोटी डॉलर. नाताळच्या सामन्यात पोटरी दुखावल्यापासून तो बाहेर होता. त्याच्या तंदुरुस्तीबद्दल आणि खाण्यापिण्याबद्दल संघात कुरबुर होती. त्याचा बचाव कच्चा होता. हॅरिसन यांनी जाहीरपणे सांगितलं की विजेतेपदं बचावाने मिळतात आणि डेव्हिस बचावात अव्वल आहे. एवढी मोठी रक्कम अडकवण्याआधी कुणीही दहादा विचार करेल, यात वावगं काही नाही.

पण खटकते ती विकण्याची पद्धत. जानेवारीत डॅलसमध्ये एका कॉफीच्या भेटीत हॅरिसन आणि लेकर्सचे सरव्यवस्थापक रॉब पेलिंका यांचं बोलणं सुरू झालं. पुढे जवळपास महिनाभर ते या दोघांतच राहिलं. उरलेल्या २८ संघांना डॉनचिच मिळू शकतो याचा पत्ताच नव्हता.

जमीन विकायची वेळ आली की आपल्याकडचा माणूस तालुकाभर शब्द टाकतो. तीन-चार गिऱ्हाइकं दारात आली की आपोआप भाव चढतो. तेच वावर कुणी एकाच ओळखीच्या माणसाला गुपचूप देऊन टाकलं, तर गाव भाव विचारत नाही, घरात काय बिनसलं ते विचारतं.

याच लीगमधला दुसरा सौदा शेजारी ठेवून बघा. २०१९ च्या जुलैत ओक्लाहोमा सिटी थंडरच्या पॉल जॉर्जने आपल्याला दुसरीकडे पाठवा असं सांगितलं. करार करून वर्षच झालं होतं. थंडरचे सरव्यवस्थापक सॅम प्रेस्टी यांना रागवायला पूर्ण वाव होता. त्यांनी समोरच्याची गरज मोजली. लॉस एंजलिस क्लिपर्सला जॉर्ज मिळाला तरच क्वाय लेनर्ड त्यांच्याकडे येणार होता, म्हणजे क्लिपर्सला एका सौद्यात दोन तारे मिळत होते. प्रेस्टींनी दोघांची किंमत लावली: शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच पिक आणि शिवाय दोन वर्षी पिक अदलाबदलीचा हक्क. त्यातल्या एका पिकमधून पुढे जेलन विल्यम्स हा खेळाडू आला. २०२५ मध्ये थंडर विजेते झाले आणि गिल्जस-अलेक्झांडर त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

जॉर्ज चांगला खेळाडू होता, पण डॉनचिचच्या तोडीचा कधीच नव्हता. जॉर्जसाठी पाच पिक आले, डॉनचिचसाठी एक. तंदुरुस्तीची शंका धरून आणि डेव्हिसचं मोठेपण जमेला धरूनही ही दरी मला बुजवता येत नाही.

'गुप्तता पाळली नसती तर सौदाच झाला नसता'

हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. बातमी फुटली असती तर चाहते रस्त्यावर आले असते, डॉनचिचने स्वतः विरोध केला असता, मालकांचं मन फिरलं असतं. हॅरिसन यांच्या बाजूने बोलणारे हेच सांगतात.

पण मग प्रश्न असा येतो की उजेडात आणल्यावर जो सौदा टिकणार नाही, तो आपल्या फायद्याचा होता हे कशावरून? भाव करायला वेळ लागतो, चार जणांत बोलावं लागतं, 'नको, ठेवूनच घेतो' म्हणायची तयारी ठेवावी लागते. जो मनातून आधीच सोडून मोकळा झालाय, त्याच्याकडे ही तयारी नसते. हॅरिसन यांच्या मनात नेमकं काय होतं हे मी सांगू शकत नाही, पण सौदा कसा झाला ते सगळ्यांसमोर आहे. मी तरी अशा निर्णयांकडे याच नजरेने बघतो. कारणं कुणीही हिशेबाचीच सांगतो, शिस्त, संस्कृती, दूरदृष्टी हे शब्द सगळ्यांकडे तयार असतात. विकणाऱ्याने घासाघीस किती केली ते पाहावं.

अभिमान गिळला तर काय होतं: क्लीव्हलँडची गोष्ट

८ जुलै २०१० च्या संध्याकाळी, करार संपून मोकळा झालेल्या लेब्रॉन जेम्स या मोठ्या खेळाडूने टीव्हीवरच्या तासाभराच्या कार्यक्रमात सांगितलं की तो क्लीव्हलँड कॅव्हलिअर्स सोडून मायामीला चाललाय. लेब्रॉन क्लीव्हलँडजवळच्या अ‍ॅक्रनचा. घरच्या मुलाने सगळ्या देशासमोर घर सोडल्यासारखं झालं ते.

त्याच रात्री संघाचे मालक डॅन गिल्बर्ट यांनी चाहत्यांना उद्देशून एक पत्र संघाच्या संकेतस्थळावर टाकलं. कॉमिक सॅन्स या लहान मुलांच्या चित्रकथांसारख्या अक्षरांत लिहिलेलं. त्यात विश्वासघात, भेकडपणा असे शब्द होते आणि लेब्रॉनच्या आधी क्लीव्हलँडच विजेतेपद जिंकेल अशी हमी होती. लीगने गिल्बर्ट यांना १ लाख डॉलर दंड केला. आदल्या हंगामात ६१ सामने जिंकलेला संघ पुढच्या हंगामात १९ जिंकला, सलग २६ हरला. फोर्ब्सच्या अंदाजात संघाची किंमत सुमारे पाव हिश्शाने उतरली. लेब्रॉन मायामीत २०१२ आणि २०१३ ला विजेता झाला.

आपल्याकडे दोन फुटांच्या बांधासाठी पिढ्यान् पिढ्या कोर्टाची पायरी चढणारी घराणी असतात. वकिलांना दिलेल्या पैशांत अख्खं शेत आलं असतं, हे त्यांनाही ठाऊक असतं. पण माघार घेतली तर चार लोक काय म्हणतील? गिल्बर्ट त्या वळणावर उभे होते. २०१४ च्या जुलैत लेब्रॉन पुन्हा मोकळा झाला, तेव्हा ते पत्र चार वर्षांनी संकेतस्थळावरून उतरवण्यात आलं. गिल्बर्ट फ्लोरिडाला गेले, समोरासमोर बसले आणि माफी मागितली. पुढे लेब्रॉनने लिहिलं की चुका त्याच्याकडूनही झाल्या होत्या.

तो परत आला, पण एका वर्षात मोकळं होता येईल असा छोटा करार करून. म्हणजे मन साफ झालं तरी दोरी त्याने स्वतःच्या हातात ठेवली. गिल्बर्ट यांनी तेही मान्य केलं. २०१६ च्या अंतिम फेरीत क्लीव्हलँड १-३ ने मागे होतं, समोर त्या हंगामात ७३ सामने जिंकलेला गोल्डन स्टेट. तिथून सलग तीन सामने जिंकून त्यांनी शहराला मोठ्या खेळातलं ५२ वर्षांतलं पहिलं विजेतेपद दिलं. मला या गोष्टीत सर्वांत अवघड क्षण शेवटच्या सामन्यातला वाटत नाही. फ्लोरिडातल्या त्या खोलीत, अब्जाधीश माणसाने स्वतःच्या पत्राबद्दल तोंड उघडलं तो वाटतो.

'मालकाचा पैसा, मालकाची मर्जी'

कायद्याने खरंच आहे. पण अभिमानाचं नुकसान खरोखर मालकाच्या खिशातून जातं का?

मार्क क्युबन यांनी २००० साली मॅव्हरिक्स २८.५ कोटी डॉलरला घेतला. २०२३ च्या डिसेंबरात बहुतांश वाटा विकला तेव्हा संघाची किंमत सुमारे ३५० कोटी डॉलर धरली गेली. २०२५ मध्ये लेकर्सच्या बहुसंख्य वाट्याचा व्यवहार ठरला तो सुमारे १००० कोटी डॉलरच्या मोलाने. २०२५-२६ पासून ११ वर्षांसाठीच्या प्रसारणाच्या करारांची रक्कम सुमारे ७७०० कोटी डॉलर आहे आणि त्यातला वाटा हरणाऱ्यालाही मिळतो. या लीगमधून कुणी खालच्या श्रेणीत ढकलला जात नाही. उलट हरलात तर ड्राफ्टमध्ये पाळी लवकर यायची शक्यता वाढते.

डॅलसचंच बघा. डॉनचिच गेल्यावर डेव्हिस पहिल्याच सामन्यात दुखावला, महिन्याभरात संघातल्याच कायरी अर्व्हिंगच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, संघ बाद फेरीबाहेर राहिला. आणि मे महिन्यात ड्राफ्टच्या सोडतीत, अवघी १.८ टक्के शक्यता असताना, त्यांचाच नंबर पहिला आला. त्या वर्षीचा सर्वांत नावाजलेला तरुण, कूपर फ्लॅग मिळाला. काही जण म्हणतात, बघा, झालं ना भलं? सोडतीचं तिकीट लागलं म्हणून घर विकण्याचा निर्णय शहाणपणाचा ठरत नाही.

साध्या दुकानदाराने रागाच्या भरात चांगला कारागीर घालवला तर महिनाअखेरीला गल्ला त्याला धडा शिकवतो. इथे गल्ला बोलत नाही. म्हणूनच या धंद्यात अभिमानाला मोकळं रान मिळतं. फिनिक्स सन्सचे नवे मालक मॅट इश्बिया यांनी २०२३ मध्ये संघ ताब्यात येताच दोन दिवसांत केव्हिन ड्युरांटला आणलं, त्यासाठी चार पिक आणि दोन उमदे खेळाडू मोजले, मग ब्रॅडली बीलला आणलं, दंडाच्या सगळ्या रेषा ओलांडल्या. २०२५ मध्ये संघ ३६ सामने जिंकला, ४६ हरला. ड्युरांटला ह्यूस्टनला दिलं, बीलला पैसे देऊन मोकळं केलं. संघाची किंमत यामुळे कोसळली नाही. चाहत्यांची वर्षं मात्र गेली.

आपल्या मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे ज्या सॅक्रामेंटो किंग्जचे प्रमुख मालक आहेत, त्यांची गोष्टही इथे जोडावीशी वाटते. २०१९ च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये भारतातले पहिले एनबीए सामने झाले, तेव्हा एक संघ त्यांचाच होता. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये किंग्जची पाळी दुसरी होती आणि डॉनचिच समोर होता. त्यांनी मार्विन बॅगलीला घेतलं. तो चुकलेला अंदाज होता, आणि अशा चुका सगळ्यांच्या होतात. पण ज्या माणसाला तीन संघांनी हातचा जाऊ दिला आणि ज्याला ड्राफ्टच्याच रात्री सौदा करून मिळवलं, त्याला डॅलसने आपल्या हाताने परत बाजारात, नव्हे, एका घरात नेऊन सोडलं.

'मग नुसता हिशेबच बरा?'

तेही खरं नाही. ज्या प्रेस्टींचं वर कौतुक केलं, त्यांनीच २०१२ च्या ऑक्टोबरात जेम्स हार्डनला ह्यूस्टनला दिलं होतं. चार वर्षांच्या करारात काही दशलक्ष डॉलरचं अंतर होतं आणि पुढे लक्झरी टॅक्स दिसत होता. हिशेब बिनचूक होता. त्या वर्षी अंतिम फेरी खेळलेल्या संघातले ड्युरांट, वेस्टब्रुक आणि हार्डन, तिघेही पुढे वेगवेगळ्या वर्षी लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. एकत्र मात्र ते थंडरसाठी पुन्हा अंतिम फेरीत कधीच आले नाहीत.

आणि एक अभिमान असाही असतो जो हिशेबातच धरावा लागतो. २०१३ मध्ये कोबी ब्रायंट ३५ वर्षांचा होता, घोट्यामागची मोठी शीर तुटून बसला होता. तरी लेकर्सने त्याला दोन वर्षांचा सुमारे ४.८५ कोटी डॉलरचा नवा करार दिला. खेळाच्या हिशेबाने तो तोट्याचा, आणि संघ त्या वर्षांत वाईट हरला. पण १३ एप्रिल २०१६ ला अखेरच्या सामन्यात त्याने ६० गुण केले, त्याच जर्सीत. पुढच्या तरुण ताऱ्यांनी पाहिलं की हा क्लब आपल्या माणसाला म्हातारपणी रस्त्यावर सोडत नाही.

डॅलसला तर हे कुणी शिकवायची गरज नव्हती. डर्क नोविट्स्की त्यांच्याकडे २१ हंगाम खेळला, संघ चांगला बांधता यावा म्हणून त्याने कमी पगार घेतला, २०११ मध्ये विजेतेपद आणलं. स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे आणि त्यावर कोरलंय की निष्ठा कधी ओसरत नाही. डॉनचिच गेल्याची बातमी आली तेव्हा लोक त्याच पुतळ्यापाशी फुलं घेऊन जमले. कुणी शवपेटी आणली होती. लोकांनी त्या पुतळ्यावरच्या शब्दांवर विश्वास ठेवून वर्षानुवर्षं तिकिटं काढली होती, जर्सी घेतल्या होत्या. त्या अभिमानाची नोंद कुठल्या वहीत होते, हे मला कुणी दाखवलेलं नाही.

९ एप्रिल २०२५ ला डॉनचिच लेकर्सकडून डॅलसमध्ये खेळायला आला. सामन्याआधी त्याच्या आठवणींची चित्रफीत दाखवली गेली, तो बाकावर बसून रडला, टॉवेलने तोंड पुसत राहिला. मग उठला आणि ४५ गुण केले. यजमानांचं स्टेडियम पाहुण्याच्या प्रत्येक बास्केटला उभं राहून ओरडत होतं.